आपोआप फुगणारी मॅट: निवडायची कशी, फुगवायची कशी, जपायची कशी

तंबूत रात्री दोन-अडीचला जाग येते. खुबा जमिनीला टेकलेला असतो, पाठीखालून गारवा चढत असतो, आणि झोपताना तर मॅट चांगली टणक होती. सकाळी उठून बहुतेक जण एकच निदान करतात: पंक्चर. पुष्कळदा पंक्चर नसतंच. मॅटला फुगायला वेळ दिलेला नसतो, किंवा तोंडाने भरलेली गरम हवा रात्री आकसलेली असते, किंवा मॅट वर्षभर घट्ट गुंडाळून ठेवल्यामुळे आतल्या फोमची उसळीच गेलेली असते.

चुका वेगवेगळ्या दिसल्या तरी मूळ एकच आहे. आपण या मॅटला फुगा समजतो. प्रत्यक्षात तिच्या आत फोमचा थर असतो, स्पंजासारखा, सगळी छिद्रं एकमेकांना जोडलेली. वरचं आणि खालचं हवाबंद कापड या फोमला चिकटवलेलं असतं. व्हॉल्व्ह उघडला की दाबला गेलेला फोम मूळ जाडीवर यायला बघतो आणि येताना बाहेरची हवा आत ओढून घेतो. म्हणजे सांभाळायच्या गोष्टी दोनच: फोमची उसळी आणि कापडाशी असलेला त्याचा चिकटा. खालची प्रत्येक पायरी या दोघांसाठी आहे.

## १. निवड: आधी थंडी, मग कूस, वजन शेवटी

मॅट घ्यायला गेलेला माणूस ती बोटाने दाबून पाहतो आणि वजन विचारतो. हे दोन्ही नंतरचं. पहिला प्रश्न असा: मी ज्या जमिनीवर झोपणार, ती पहाटे किती गार होते?

स्लीपिंग बॅग कितीही उबदार असो, अंगाखालचा तिचा भाग वजनाने चेपतो. चेपलेल्या भरावात हवा उरत नाही आणि हवा नाही तर ऊब नाही. खालून येणारी थंडी अडवायची ती मॅटनेच. ती किती अडवते, हे सांगणारा आकडा म्हणजे आर-व्हॅल्यू. उन्हाळ्यातल्या उबदार रात्रींना २ च्या आसपास पुरतं. पहाटेचं तापमान दहा अंशांच्या खाली जात असेल तर ३ ते ४ घ्या, गोठणबिंदूच्या आसपास ४ ते ५, आणि बर्फावर तंबू लावायचा असेल तर ५.५ किंवा त्याहून जास्त. ज्यांना थंडी लवकर वाजते त्यांनी सरळ एक पायरी वरची निवडावी.

हा आकडा कसा मोजला तेही बघा. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एफ३३४० हे २०१८ साली आलेलं मानक आहे. त्यात मॅट एका गरम आणि एका गार पट्टीच्या मध्ये ठेवून उष्णता किती अडते ते मोजतात, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवता येतात. त्याआधी जो तो आपापल्या पद्धतीने मोजायचा. जुन्या मॅटवरचा ४ आणि नव्या मॅटवरचा ४ एकच असेल असं धरू नका.

आर-व्हॅल्यूची सरळ बेरीज होते. ३ ची मॅट आणि तिच्याखाली २ ची साधी फोमची मॅट, म्हणजे ५. थंडीसाठी वेगळी जाडजूड मॅट घेण्यापेक्षा मला हा मार्ग जास्त पटतो. साध्या मॅटला काटा टोचला तरी तिचं काही बिघडत नाही आणि वरची मॅट वाचते.

थंडीचं ठरलं की झोपायची सवय. पाठीवर झोपणाऱ्याचं वजन पसरतं. त्याला ३ ते ४ सेंटिमीटर जाडी पुरते. कुशीवर झोपणाऱ्याचा भार खुबा आणि खांदा या दोनच जागी येतो, म्हणून त्याने ५ च्या खाली जाऊ नये. ७-८ असेल तर रात्र सुखाची जाते.

वजन आता बघा. मॅट पाठीवर वाहायची असेल तरच त्याला महत्त्व आहे. पातळ मॅट्स साधारण अर्ध्या किलोपासून सुरू होतात, दहा सेंटिमीटरच्या दोन किलोच्या आसपास किंवा पुढे जातात. गाडी तंबूपर्यंत जाणार असेल तर वजनासाठी जाडी सोडण्यात अर्थ नाही. काही मॅट्समध्ये फोमला भोकं पाडून वजन उतरवलेलं असतं. त्यात गुंडाळी लहान होते, पण ऊबही थोडी घटते. सारख्या जाडीच्या दोन मॅट्सच्या आर-व्हॅल्यूत फरक दिसला तर बऱ्याचदा कारण हेच असतं.

कापडाच्या धाग्याची जाडी डिनिअरमध्ये सांगतात. २०-३० डिनिअरचं कापड हलकं, पण जपून वापरण्याचं. खडबडीत जमीन, मुलं, कुत्रा असं सगळं असेल तर ५० ते ७५.

तपासा: नेहमीच्या मॅटची रुंदी ५१ सेंटिमीटर आणि लांबी १८३ सेंटिमीटर असते. घरात जमिनीवर ५१ सेंटिमीटर अंतरावर दोन दोऱ्या ठेवा, मध्ये आडवे व्हा आणि कूस बदलून बघा. कोपर सारखं दोरीबाहेर जात असेल तर ६३-६५ सेंटिमीटरची रुंद मॅट घ्या. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. रात्री गार जमिनीला टेकलेलं कोपर तो बरोबर सांगतं.

## २. घरी आणल्यावर: पहिली रात्र मॅटची

नवी मॅट कारखान्यापासून तुमच्या घरापर्यंत कित्येक महिने गुंडाळलेली असते. फोम त्या आकाराला सरावलेला असतो. तिला थेट सहलीला नेलं तर ती पंधरा मिनिटांत निम्मीसुद्धा फुगत नाही, आणि लोक मालात खोट काढतात.

पिशवीतून काढा, पूर्ण उलगडा, व्हॉल्व्ह उघडा आणि सपाट जागी सोडून द्या. रात्रभर तरी, चोवीस तास दिले तर उत्तम. मग पंपाने किंवा पंप-पिशवीने (हवा कोंडून ती व्हॉल्व्हमधून मॅटमध्ये दाबायची पिशवी) आणखी थोडी हवा भरून व्हॉल्व्ह बंद करा आणि अजून काही तास तशीच ठेवा, म्हणजे कोपऱ्यातला फोमही मोकळा होतो. त्यानंतर एकदा पूर्ण हवा काढा, गुंडाळा, पुन्हा उघडा आणि घड्याळ लावून बघा किती वेळात भरते. तो आकडा लक्षात ठेवा. तंबूत उपयोगी पडेल.

याच वेळी व्हॉल्व्ह ओळखून घ्या. साध्या व्हॉल्व्हमध्ये पिळून उघडणं आणि पिळून बंद करणं एवढंच असतं. नव्या धर्तीच्या चपट्या व्हॉल्व्हमध्ये एकतर्फी पडदा असतो. तो एका बाजूने बसवला की हवा फक्त आत जाते, उलटा केला की फक्त बाहेर येते. पडदा «बाहेर» च्या बाजूने राहिला तर मॅट तासभर पसरून ठेवली तरी फुगणार नाही. अंधारात, दमलेल्या अवस्थेत हे कळत नाही. घरी डोळे मिटून दोनदा करून बघा.

परत करण्याची मुदत असेल तर याच रात्री तिच्यावर झोपा.

## ३. जागा: तळहाताने तपासायची

तंबू लावण्याआधी जमिनीवर नजर फिरवून भागत नाही. गुडघ्यावर बसा आणि जिथे मॅट येणार त्या पट्ट्यावर तळहात सावकाश फिरवा. बाभळीचा वाळका काटा पानांखाली असला की डोळ्याला दिसत नाही, हाताला लागतो. खडे, काड्या, कापलेल्या गवताचे टोकदार बुडखे काढून टाका. जमिनीतून वर आलेलं मूळ निघणार नाही, म्हणून तंबूच सरकवा.

उतार असेल तर डोकं वरच्या बाजूला. आडवा उतार टाळा, कारण मॅटचं कापड गुळगुळीत असतं आणि रात्रभर माणूस एका कडेला घसरत राहतो. खोलगट जागा दिसायला मऊ असते, पण पाऊस आला तर पाणी तिथेच साठतं.

तंबूच्या तळाखाली एक जाड प्लॅस्टिकचा किंवा ताडपत्रीचा तुकडा घाला. मॅट उघड्या जमिनीवर थेट पसरू नका, अगदी दुपारच्या डुलकीपुरतीसुद्धा.

## ४. फुगवणे: घाई इथेच नडते

क्रम असा ठेवा. तंबू उभा झाला की सगळ्यात आधी मॅट उलगडायची. बाकी सामान लावणं, चूल पेटवणं, कपडे बदलणं हे सगळं नंतर. तेवढ्या वेळात ती आपलं काम करते.

१) मॅट सपाट पसरा. एकतर्फी व्हॉल्व्ह असेल तर पडदा «आत» च्या बाजूने आहे ना, ते बघा.

२) व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. अर्धवट उघडा राहिला तर हवा अडते.

३) दहा ते वीस मिनिटं तिला हात लावू नका. जाड मॅटला जास्त वेळ लागतो. थंडीत फोम कडक होतो, म्हणून गार हवेत आणखी वेळ धरा. घरी मोजलेला आकडा इथे आठवा.

४) बराच वेळ होऊनही मधला भाग खोलगट दिसत असेल तर मॅट उलट्या दिशेने एकदा सैल गुंडाळून परत उलगडा. चिकटून बसलेला फोम सुटतो.

५) शेवटची थोडी हवा बाहेरून भरा आणि लगेच व्हॉल्व्ह बंद करा.

या पाचव्या पायरीवर थोडं थांबायला हवं. «आपोआप फुगणारी» या नावामुळे लोकांना वाटतं की वरून हवा भरणं म्हणजे मॅटमध्ये दोष. तसं नाही. आतला फोम मॅटला जवळजवळ पूर्ण भरतो. झोपण्याजोगा ताण आणायला वरची थोडी हवा लागतेच. उलट टोकाची चूक म्हणजे वाटच न बघता पहिल्या मिनिटापासून तोंडाने फुंकत बसणं.

सावधान: श्वासात ओल असते. तोंडाने भरलेली प्रत्येक हवा ती ओल फोममध्ये नेते. आत उजेड नाही, वारा नाही, सुकायला वाट फक्त व्हॉल्व्हची. पुढे बुरशी धरते, वास येतो, आणि गोठणाऱ्या थंडीत आत बर्फाचे कणही होऊ शकतात. पंप-पिशवी नसेल तर निदान फुंकर शेवटच्या तीन-चार श्वासांपुरतीच ठेवा आणि घरी गेल्यावर व्हॉल्व्ह उघडा ठेवून मॅट वाळू द्या.

## ५. ताण: टणक म्हणजे चांगली, असं नाही

झोपण्याआधी हवा किती ठेवायची ते अंगाने ठरवा. मॅट जराशी जास्त भरा, तिच्यावर नेहमीच्या कुशीवर झोपा, आणि व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडून हवा सोडत राहा. खुबा आणि खांदा मॅटमध्ये बसायला लागले, पण खालची जमीन लागत नाही, तिथे बंद करा. दोन-तीनदा केल्यावर हात बसतो.

तपासा: कुशीवर असताना खुब्याखाली, मॅट आणि तंबूच्या तळामध्ये तळहात सरकवा. हाडाचा दाब हातावर थेट जाणवला तर हवा कमी आहे. मग मॅटवर उठून बसा. बसल्यावर बैठक जमिनीला टेकली तरी चालेल. सगळं वजन एका जागी आल्यावर पातळ मॅट टेकणारच. झोपल्यावर टेकता कामा नये.

फार टणक मॅटवर कंबर अवघडते, शरीर कडेवरून घसरतं, आणि मुख्य म्हणजे कापड आणि फोममधल्या चिकट्यावर रात्रभर ताण राहतो. तुमची मॅट फुग्यासारखी वाजत असेल तर ती जास्त भरलेली आहे.

## ६. रात्र आणि दुसरा दिवस

संध्याकाळी २५ अंशांत भरलेली हवा पहाटे ५ अंशांवर आली की साधारण ७ टक्के कमी जागा घेते. फुंकून भरलेली हवा तर सुरुवातीला याहूनही गरम असते. म्हणून झोपायला जाताना, बाहेर गारवा पडल्यावर, पुन्हा एकदा ताण बघा आणि लागली तर हवा भरा. मध्यरात्रीची बरीचशी «पंक्चर» इथेच संपतात.

सकाळी उलटं होतं. ऊन तंबूवर येतं, आतली हवा तापते, फुगू पाहते. दिवसभर बाहेर फिरायला जाणार असाल तर निघताना व्हॉल्व्ह उघडून जा. फुगलेली मॅट बंद व्हॉल्व्हसह उन्हात किंवा बंद गाडीत कधीच ठेवू नका: आतला दाब वाढतो, त्याच वेळी उष्णतेने चिकटा मऊ पडतो, आणि कापड फोमपासून सुटायला ही जोडी पुरेशी आहे. फुगलेली मॅट गाडीत टाकून घाट चढतानाही हेच लागू. समुद्रसपाटीपेक्षा ३,००० मीटर उंचीवर बाहेरचा दाब साधारण ७० टक्केच उरतो, त्यामुळे खाली बंद केलेली मॅट वर ताणून फुगते.

शेकोटीजवळ बसायला मॅट नेऊ नका. ठिणगी पडली की कापड वितळून भोक पडतं. पाण्यात तरंगायलाही ती बनवलेली नाही. आणि डास पळवणाऱ्या ज्या मलमांत किंवा फवाऱ्यांत डीट असतं, ते अंगाला लावल्यावर पूर्ण सुकू द्या, मगच मॅटवर टेका. डीटने कापडावरचा प्लॅस्टिकसारखा थर खराब होतो.

## ७. हवा काढणे आणि गुंडाळणे: दोनदा, घाई न करता

पिशवीत मॅट मावत नाही ही तक्रार नेहमीची. मावत नाही कारण एकाच फेरीत गुंडाळायला बघतात. तुम्ही दाबता तेव्हा हवा बाहेर जाते. दाब सोडला की फोम ती परत आत ओढतो. त्याचं कामच ते आहे.

पहिली फेरी फक्त हवेसाठी. व्हॉल्व्ह उघडा, मॅट पालथी पसरा आणि व्हॉल्व्हच्या समोरच्या टोकापासून घट्ट गुंडाळत या. प्रत्येक वळशानंतर गुडघा रोवा, हवेचा सुस्कारा थांबेपर्यंत थांबा, मग पुढचा वळसा. टोकाला पोचलात की गुडघा उचलण्याआधी व्हॉल्व्ह बंद करा. हा क्रम चुकला की सगळी मेहनत वाया. एकतर्फी व्हॉल्व्ह असेल तर पडदा आधीच «बाहेर» च्या बाजूने करून घ्या. हवा परत येत नाही आणि काम निम्मं होतं.

दुसरी फेरी आकारासाठी. मॅट उलगडा, पिशवीच्या रुंदीप्रमाणे लांबीला दोन किंवा तीन घड्या घाला, पुन्हा व्हॉल्व्हकडे गुंडाळत या. शेवटी गुंडाळीवर वजन टाकून व्हॉल्व्ह क्षणभर उघडा, उरलेली हवा काढा, बंद करा. पट्टा लगेच बांधा.

गुंडाळण्याआधी खालची बाजू पुसा. ओली माती आणि वाळूचे कण घडीत राहिले तर प्रवासभर कापड घासत राहतात. व्हॉल्व्हच्या रबरी चकतीत एक वाळूचा कण अडकला तरी रात्री हळूहळू हवा जाते.

## ८. खरंच पंक्चर असेल तर

आधी खात्री करा. घरात, जिथे तापमान फारसं बदलत नाही अशा खोलीत, मॅट टणक भरा, बंद करा, वर सारखं पसरलेलं वजन ठेवा आणि काही तासांनी बघा. खरंच सैल पडली तर पहिला संशय व्हॉल्व्हवर घ्या. तो पुसा, रबरी चकती स्वच्छ करा, बंद करून त्यावर साबणाचा फेस लावा. फेसात बुडबुडे वाढले तर गळती तिथे आहे.

व्हॉल्व्ह ठीक निघाला तर पाण्याचं टब. व्हॉल्व्ह बंद ठेवून मॅट एकेका वीतभर पट्ट्याने पाण्याखाली दाबा. सुरुवातीला कापडाला चिकटलेली हवा सगळीकडून सुटते, तिला फसू नका. हात फिरवून ती झटका आणि पाणी शांत होऊ द्या. मग खरी गळती दिसते. एकदा मला ती शिवणीपासून चार बोटं आत सापडली. टाचणीच्या डोक्याएवढा एक बुडबुडा, दोन-तीन सेकंद शांतता, मग त्याच जागेवरून दुसरा. भोक डोळ्यांना दिसतच नव्हतं. तेवढ्यावर मॅट पहाटेपर्यंत पूर्ण बसत होती.

सापडलेल्या जागेभोवती बॉलपेनने गोल काढा, आणि तिथेच थांबू नका. काटा खालून शिरून वरूनही बाहेर आलेला असू शकतो. दुसरी बाजूही पूर्ण तपासा.

तंबूत टब नसतं. तिथे मॅट टणक भरा आणि ओला गाल किंवा ओले ओठ कापडाजवळून सावकाश फिरवा. ओल्या त्वचेला बारीक झुळूकही जाणवते. साबणाचं पाणी असेल तर तेही चालतं.

ठिगळ लावताना:

१) हवा पूर्ण काढा, जागा कोरडी होऊ द्या. ओल्या जागेवर काहीही टिकत नाही.

२) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या.

३) ठिगळ गोल कापा, भोकाच्या चहूबाजूंनी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर मोठं. चौकोनी ठिगळाचे कोपरे आधी उचकटतात.

४) कापडाला चालेल असा लवचीक गोंद पातळ लावा, पाकिटावर लिहिलेला वेळ पाळा, मग ठिगळ मधून कडांकडे दाबत बसवा.

५) सपाट वजन ठेवून पूर्ण वाळेपर्यंत थांबा आणि नंतरच हवा भरा.

सावधान: झटपट चिकटणारा कडक गोंद इथे वापरू नका. तो काचेसारखा सुकतो आणि मॅट वाकली की तडकतो. सहलीवर ठिगळ नसेल तर मजबूत चिकटपट्टी एक-दोन रात्री चालते. पण घरी आल्यावर ती काढून, चिकटा पुसून नीट ठिगळ लावा. एक दिलासा मात्र आहे. नुसत्या हवेची मॅट पंक्चर झाली की माणूस थेट जमिनीवर येतो. इथे आतला फोम थोडा आधार आणि थोडी ऊब देत राहतो.

आता जे दुरुस्त होत नाही ते. मॅटवर एका जागी फुगवटा दिसायला लागला, दाबला की खाली फोम लागत नाही, तर तिथे कापड फोमपासून सुटलेलं आहे. सुई टोचून गोंद घालण्याचे प्रयोग करू नका; हवाबंदपणाही जाईल. हमीची मुदत असेल तर ताबडतोब मॅट दाखवा. नसेल तर हवा कमी ठेवून वापरा आणि नव्या मॅटची तयारी ठेवा, कारण हा फुगवटा दर वापराला वाढतो.

## ९. धुणे आणि ठेवणे

धुताना व्हॉल्व्ह बंद. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ स्पंज. कपडे धुण्याच्या यंत्रात टाकू नका. साबण पूर्ण निघेपर्यंत पुसा आणि सावलीत वाळवा. चुकून पाणी आत गेलंच तर हवा काढत-भरत राहा, आणि नंतर व्हॉल्व्ह खाली येईल अशी उभी करून, उघड्या व्हॉल्व्हसह कित्येक दिवस वाऱ्यावर ठेवा.

ठेवण्याची पद्धत एकच: उलगडलेली, व्हॉल्व्ह उघडा, वर ओझं नाही. पलंगाखाली सपाट, किंवा कपाटामागे उभी. पिशवी फक्त प्रवासासाठी असते. माझी पहिली मॅट मी दीड वर्ष पिशवीत ठेवली होती. उघडली तेव्हा ती पसरल्यावरही गुंडाळीचा बाक सोडत नव्हती, आणि अर्ध्या तासाने जेमतेम बोटभर जाड झाली. तीन दिवस उघडी ठेवल्यावर बरीचशी सुधारली, पण डोक्याकडचा वीतभर भाग, जिथून गुंडाळी सुरू व्हायची आणि वळसा सगळ्यात घट्ट असायचा, तो पुन्हा कधी पूर्ण उठला नाही.